डावीकडे वळणारा धबधबा

फोटोकाकांच्या स्टुडिओतला धबधबा अर्ध्या वाटेवर डावीकडे वळतो, आणि पुढचं सगळं रामायण त्या एका वळणापायी झालं.

धबधबा म्हणजे अर्थातच पडद्यावरचा. भिंतभर जाड कापड, वर-खाली बांबू, निळं आकाश, हिरवे डोंगर, खाली तळं, तळ्याकाठी फोटो काढायला आलेल्या माणसाकडे टक लावून बघणारं एक हरीण, आणि मधोमध पांढराशुभ्र धबधबा. तो वरून निघतो सरळ, पण मध्यावर आला की घरी काहीतरी विसरल्यासारखा डावीकडे वळतो आणि मग खाली पडतो. हा पडदा काकांच्या सासऱ्यांनी रंगवलेला. सासरे पाट्या रंगवणारे. गावातली निम्मी दुकानं अजून त्यांच्याच अक्षरांखाली चालतात. जावयाने स्टुडिओ टाकला तेव्हा त्यांनी आपणहून हा पडदा करून दिला आणि सांगितलं, की हा मनाने काढलेला नाही. तरुणपणी हमरस्त्याच्या पाट्या रंगवत हिंडत असताना डोंगर चढून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला धबधबा आहे, आणि तो असाच वळतो. त्यानंतर त्या पडद्यापुढे गावातली नवी जोडपी उभी राहिली, मग त्यांची बाळं उभी राहिली, आणि बाळांची लग्नं झाल्यावर तीही जोडीने येऊन उभी राहिली. तळ्याकाठचा रंग तेवढा लोकांच्या बुटांनी उडाला. बाकी एवढ्या वर्षांत धबधब्याने तक्रार केली नाही आणि माणसांनीही नाही.

मग रस्त्यापलीकडे दुसरा स्टुडिओ आला. त्याच्याकडे भिंतीएवढा टीव्ही, आणि त्या टीव्हीत धबधबा चक्क वाहतो. शिवाय आवाजही येतो. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत, की बाबांनो, फोटोत आवाज कुठे येतो? मुद्दा बिनतोड होता, पण गिऱ्हाईक पलीकडेच जात होतं.

अशातच एका संध्याकाळी एक मुलगी मैत्रिणींना घेऊन फोटो काढायला आली. पडदा बघून मैत्रिणींना हसू फुटलं. एकीने विचारलं, की काका, हा धबधबा मध्येच कुठे निघाला? इथे काकांनी नुसतं हसून आपलं नेहमीचं, मान थोडी खाली, थोडी वर, एवढंच म्हणायचं होतं. पण टीव्हीने त्यांचं डोकं आधीच फिरलेलं. ते म्हणाले, "अहो, सासऱ्यांनी काढलाय. त्यांनी धबधबा बघितलाय कुठे? नळ बघितला असेल."

मुली पोट धरधरून हसल्या. काकांनाही आपण फार मोठा विनोद केला असं वाटलं. पण पडद्याशेजारच्या खोलीत काकू कटरवर पासपोर्ट फोटो कापत बसल्या होत्या, आणि तो कटरचा आवाज थांबला. संसार केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, घरातला आवाज वाढला तर भ्यायचं कारण नसतं. थांबला की मात्र जपून राहावं.

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. म्हणजे बोलल्या, पण काकांशी नाही. चहा झाला आहे असं त्या कपाटाला सांगत आणि विजेचं बिल भरायचं राहिलं आहे असं खिडकीला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांसमोर चहाचा कप आदळला आणि निकाल सांगितला.

"रविवारी बाबांच्या त्या धबधब्यावर जायचं. पडदा बरोबर न्यायचा. खऱ्याच्या शेजारी धरून बघायचा. बाबा खोटं बोलले असतील तर हा पडदा मी माझ्या हाताने तिथेच फेकून येईन. आणि खरं बोलले असतील, तर तुम्ही त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या तोंडावर, माफी मागायची."

काकांना मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पडदा बदलायचं त्यांच्या मनात कधीचं होतं, पण सासऱ्यांच्या पडद्याला हात लावणं म्हणजे घरात आग लावून घेणं. आता बायकोनेच परवानगी दिली. जायचं, खऱ्या धबधब्याचा एक झकास फोटो काढायचा, तो भिंतीएवढा छापून घ्यायचा, की टीव्हीवाल्याची बोलती बंद. पाणी वरून खाली सरळ पडतं हे तर शाळेतच शिकवलेलं होतं, त्यामुळे माफीची काकांना मुळीच काळजी नव्हती.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, मोबाईलवर बघायचं होतं. बघितलं. त्या धबधब्याचे मोबाईलवर ढिगाने फोटो होते, आणि प्रत्येकात कुणाचं ना कुणाचं तोंड धबधब्यासमोर आलेलं. एकात धबधबा माणसाच्या डाव्या कानातून निघत होता, दुसऱ्यात उजव्या. त्यातच काकांनी, आपला धंदा आड आल्यामुळे, सेल्फीत डावं-उजवं उलटं पडतं हेही सांगून टाकलं. तेव्हा काकूंनी मोबाईल पालथा घातला आणि परक्यांच्या तोंडांवरून माझ्या बापाचा निकाल लागणार नाही, असं बजावलं.

बातमी वरच्या मजल्यावर पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावर विमावाले राहतात. सज्जन माणूस, पण जगाकडे बघायची त्यांची दृष्टी अशी, की जिना दिसला की त्यांना पडलेला माणूस दिसतो. त्यांनी काकांना शेवाळ, दरड, विंचू, वीज आणि माकड यांबद्दल सविस्तर माहिती दिली, बूट एक नंबर मोठे घ्यायला सांगितले आणि शेवटी स्वतःची जुनी व्हॅन घेऊन आपणच बरोबर येतो म्हणाले. खालचा औषधवाला म्हणाला, बूट एक नंबर लहान घ्या, चढताना पाय ओला होऊन आकसतो. काकांनी दोघांचाही मान राखायचा म्हणून जुनेच बूट घातले.

खरी अडचण वेगळीच होती, आणि ती काकांनी कुणाला बोलून दाखवली नाही. त्यांनी जन्मात उघड्यावर फोटो काढला नव्हता. लग्नाकार्यातही ते मांडवात, दिव्यांखाली. त्यांचं सगळं आयुष्य चार बल्बांच्या उजेडात आणि एका पांढऱ्या छत्रीच्या आधाराने गेलेलं. ही छत्री पावसाची नव्हे. बल्बसमोर लावायची, उजेड मऊ करायची. निसर्गात उजेड कसा असेल कोण जाणे, म्हणून काकांनी ती छत्रीही घेतली. स्टँड घेतला. उंच माणसाला बसवायचं स्टूल घेतलं. काकूंनी विचारलं, की धबधब्याला बसवणार आहात का? काका स्टूल परत ठेवून आले.

रविवारी पहाटे पडदा गुंडाळून, त्यावर पांढरी चादर बांधून तो व्हॅनच्या टपावर चढवला. डोंगराच्या पायथ्याशी पोचले तर तिथे फाटक, फाटकाशी चौकी, आणि चौकीत चौकीवाला. त्याच्यापुढे फलक होता: साधा कॅमेरा, मोठा कॅमेरा, चित्रीकरण, आणि प्रत्येकाचा दर. कॅमेरा मोठ्यात बसला. पण टपावरचा पडदा कशातच बसेना. चौकीवाला म्हणाला, पडदा म्हणजे नाटक, आणि नाटकाला मुख्य कचेरीची परवानगी लागते. मुख्य कचेरी रविवारी बंद. सोमवारी उघडेल, पण सोमवारी डोंगर बंद.

विमावाल्यांनी कायद्याची भाषा सुरू केली, तेव्हा काम आणखी बिघडलं. शेवटी काकूंनी दोऱ्या सोडल्या आणि रस्त्यावरच पडदा उलगडून दाखवला. चौकीवाल्याने तो वरपासून खालपर्यंत बघितला, हरणापाशी थोडा थांबला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "धबधबा तर आहे की तुमच्याकडे. मग वर कशाला चाललात?"

काका सुटलेल्या दोऱ्या गोळा करायला लागले. काकूंनी मात्र तेवढ्यात कामाचं विचारून घेतलं, की हा वरचा धबधबा वळतो का हो? चौकीवाला म्हणाला, आपली बदली नुकतीच झाली आहे आणि आपली नेमणूक फाटकाची आहे. वरचं आपल्या हद्दीत येत नाही, त्यामुळे आपण बघितलेलं नाही. मग त्याने फलक पुन्हा एकदा वाचला आणि त्यातल्या त्यात माणुसकीचा मार्ग काढला. सतरंजी न्यायला फुकट होतं.

"ही सतरंजी आहे का?" त्याने विचारलं.

काका काकूंकडे बघायला लागले. बापाने जीव ओतून रंगवलेलं चित्र, त्याला सतरंजी म्हणायचं. काकूंनी पडदा पुन्हा गुंडाळायला घेतला आणि म्हणाल्या, "सतरंजीच आहे."

अशा रीतीने सतरंजी डोंगर चढायला लागली. पुढे काका, मागे विमावाले, खांद्यावर पांढऱ्या चादरीत बांधलेलं लांबलचक ओझं, आणि मागून कॅमेऱ्याची बॅग घेऊन गंभीर चेहऱ्याने काकू. वरून उतरणारे लोक यांना बघून वाटेच्या कडेला उभे राहायला लागले. हसणारे गप्प व्हायचे. एकाने डोक्यावरची टोपी काढली. काकांना वाटलं, डोंगरावरचे लोक फार सभ्य असतात. मग एका वयस्कर गृहस्थांनी जवळ येऊन विमावाल्यांना हळूच विचारलं, की कसं झालं हो? विमावाल्यांना प्रश्नाचा रोख लगेच कळला, आणि आयुष्यात अशी संधी पुन्हा येणार नाही हेही कळलं. त्यांनी सुस्कारा सोडून सांगितलं, "काय सांगायचं. विमा नव्हता."

वर पोचेपर्यंत विमावाल्यांनी दोन माणसांचे पत्ते घेतले होते.

वाटेत पावसाची भुरभुर आली. काकांनी ऐटीत छत्री उघडली. ही छत्री उजेड आरपार जाण्यासाठी केलेली, त्यामुळे पाणीही आरपार गेलं, आणि तेही मऊ होऊन, सगळीकडे सारखं पसरून. काका असे भिजले, की कुठे सावली म्हणून राहिली नाही. जुन्या बुटांपैकी उजव्याचा तळ अर्ध्यात सुटला आणि पाऊल टाकलं की टाळी वाजवायला लागला. तरी काका कुरकुरले नाहीत. पुढे फोटो होता, त्यापुढे नवा पडदा होता आणि त्याही पुढे टीव्हीवाल्याचं पडलेलं तोंड होतं.

वर एक मोकळी सपाट जागा होती, कडेला लोखंडी कठडा, कठड्यापलीकडे दरी, आणि दरीपलीकडे धबधबा. म्हणजे असं तिथे लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात कठड्यापलीकडे धुकं होतं. नुसतं पांढरं. पाण्याचा आवाज एवढा, की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे, पण दिसायला थेंब नाही. काकांना समोरच्या टीव्हीवाल्याची आठवण झाली. त्याच्याकडे निदान चित्र आणि आवाज दोन्ही होतं.

तिथे तशीच आणखी माणसं सकाळपासून तिष्ठत होती. नवीन लग्न झालेलं एक जोडपं होतं. भिशीतल्या बायकांचा एक घोळका होता. एका कचेरीतली मंडळी साहेबासकट आली होती आणि साहेब धुक्याकडे असे बघत होते, जणू धबधब्याने रजेचा अर्ज न देताच दांडी मारली आहे. सगळे मोबाईल वर करून त्या पांढऱ्याचे फोटो काढत आणि स्वतःच ते बघून खट्टू होत.

काका म्हणाले, थांबू. काकूंनी पडदा उलगडला आणि वरचा बांबू कठड्याशेजारच्या दोन खांबांना बांधून टाकला. धुकं विरलं की ताबडतोब तुलना करायची, वेळ दवडायचा नाही, असा त्यांचा बेत होता. आणि त्या सगळ्या पांढऱ्याफटक जगात एकाएकी निळं आकाश उगवलं, हिरवे डोंगर आले, हरीण आलं आणि धबधबा दिसायला लागला.

आधी सगळे लांबून बघत राहिले. मग त्या नव्या नवरीने नवऱ्याचा हात ओढला आणि दोघं पडद्यापुढे जाऊन उभी राहिली. नवऱ्याने मोबाईल लांब धरला. हे बघून काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. पडद्यापुढे कसं उभं राहायचं याची एक रीत असते. पडद्यापासून दोन हात पुढे, खांदे तिरपे, हरीण झाकायचं नाही. ही दोघं तर हरणाच्या अंगावरच उभी होती. काका पुढे झाले, मोबाईल बाजूला करायला लावला, दोघांना जागेवर आणलं, नवऱ्याची कॉलर नीट केली आणि आपल्या कॅमेऱ्याने फोटो काढला. आता ही काही त्यांची इच्छा नव्हती. चुकीचं उभं राहिलेलं माणूस त्यांच्याने बघवत नाही, एवढंच.

पण मागे वळून बघतात तो रांग लागलेली.

पुढचा सगळा वेळ काकांनी, ज्या धबधब्याला कायमची रजा द्यायला आले होते, त्याच्याच पुढे माणसं उभी करण्यात घालवला. भिशीच्या बायकांनी आधी एकत्र काढला, मग वेगवेगळे, मग ज्यांचं आपापसात पटतं त्यांचे. विमावाले रांगेत फिरून प्रत्येकाला कठडा किती जुना आहे ते सांगत होते. काकू नावं आणि पत्ते लिहून घेत होत्या, आणि कुणी विचारलं की सांगत होत्या, की माझ्या वडिलांनी काढलाय. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढत होता. एका बाईंनी विचारलं, की मध्येच वळलाय तो? काकू म्हणाल्या, थोडं थांबा, कळेलच. पण हे म्हणून झाल्यावर त्यांनी धुक्याकडे जे बघितलं, ते काकांनी कॅमेऱ्यातून बघितलं. पडदा आपण फेकून देऊ असं बायको म्हणाली होती खरी. पण ती तो कसा फेकेल आणि फेकल्यावर चार तासांची वाट कशी परत येईल, याचा त्यांनी आतापर्यंत विचारच केला नव्हता.

एवढ्यात चौकीवाला धापा टाकत वर आला. उतरणाऱ्या लोकांनी त्याला खाली सांगितलं होतं, की वर कुणीतरी फोटोचं दुकान उघडलंय. त्याने पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, की सतरंजी अशी उभी कशी? सतरंजी अंथरायची असते. काकांनी खूप विचार करून सांगितलं, की वाळत घातली आहे. त्या दमट धुक्यात ही थाप कुणालाही पटली नसती, पण चौकीवाल्याचं लक्ष एव्हाना रांगेकडे गेलं होतं. त्याने टोपी सरळ केली, मिशांवरून हात फिरवला आणि बदलीच्या ठिकाणाहून घरी पाठवायला आपला एखादा फोटो निघेल का, ते विचारलं.

त्याची पाळी आली तेव्हा बाकीचे फोटो काढून उतरून गेले होते आणि शेवटी राहिलेल्या कचेरीच्या मंडळींचा ग्रुप उभा राहत होता. साहेब मध्ये, बाकीचे पगाराप्रमाणे दोन्ही बाजूंना. चौकीवाल्याला साहेबांच्या पुढ्यात बसवलं. तेवढ्यात वारा सुटला आणि पडदा फडफडायला लागला, म्हणून बांबूचं डावं टोक काकूंनी धरलं आणि उजवं विमावाल्यांनी. सगळ्यांची तोंडं काकांकडे, पाठी दरीकडे. काकांनी कॅमेऱ्याला डोळा लावला. बॅटरी शेवटची लुकलुकत होती. त्यांनी जन्मभर म्हटलेलं वाक्य म्हटलं.

"मान थोडी खाली. थोडी वर. आता कुणी हलू नका."

आणि धुकं उघडलं.

वाऱ्याने ते एका बाजूला सारलं, कुणी पडद्याची दोरी ओढावी तसं. पडद्याच्या वर, पार आभाळापासून, काळ्या कड्यावरून पाणी येत होतं. सरळ येत होतं. मध्यावर एक खडकाचा टप्पा पुढे आलेला होता. त्यावर ते आदळलं, आणि डावीकडे वळलं. अगदी तसंच. घरी काहीतरी विसरल्यासारखं. वळून खाली आलं, पडद्याच्या कडेमागे गेलं, आणि काकांना वाटलं, ते आता रंगवलेल्या तळ्यातच पडणार, हरणाशेजारी.

ओरडून सांगायचं होतं, की अरे, मागे बघा. पण काकांच्या तोंडात अशा वेळचं एकच वाक्य होतं, आणि ते आधीच म्हणून झालेलं. समोर सगळी कचेरी श्वास रोखून, दात दाखवून, आज्ञाधारकपणे स्तब्ध उभी होती. साहेबांची पापणी हलत नव्हती. ज्यासाठी ही माणसं अर्धा दिवस धुक्यात भिजली, ते त्यांच्या पाठीमागे धो धो कोसळत होतं, आणि फोटो बिघडेल म्हणून एकही जण मान वळवत नव्हता. काकूही नाही. काकांचं बोट आपोआप खाली गेलं. खटका वाजला, कॅमेऱ्याने एक बारीकसा आवाज केला आणि बॅटरी संपली. काकांनी डोळा वर केला, तेव्हा धुक्याने दोरी पुन्हा ओढली होती.

"झालं?" साहेबांनी ओठ न हलवता विचारलं.

"झालं," काका म्हणाले.

सगळे सैल झाले, मागे वळले आणि पांढऱ्याकडे बघून चुकचुकले. आज काही दिसत नाही, असं म्हणून साहेबांनी उतरायचा हुकूम दिला. काका कॅमेरा छातीशी धरून तसेच उभे राहिले. फोटो निघाला की नाही, कळायला मार्ग नव्हता. साक्षीला कुणी नव्हतं. या क्षणी त्यांनी नुसतं म्हटलं असतं, की दिसला, सरळच पडतो, तर पडदा इथेच राहिला असता, भिंतीवर नवा आला असता, आणि माफीही टळली असती. एका माणसाला खोटं बोलायला याहून सोयीची जागा देवाने अजून तयार केलेली नाही.

काकू बांबू धरूनच उभ्या होत्या. त्यांचे केस चेहऱ्याला चिकटले होते. त्या म्हणाल्या, "तुमचा चेहरा असा का झालाय? काय झालं?"

काकांनी कॅमेरा खाली केला. ते म्हणाले, "डावीकडे वळतो."

"काय?"

"डावीकडे वळतो गं. आत्ता दिसला. तुझ्या मागेच. अगदी बाबांनी काढलाय तसा."

काकू झटकन मागे वळल्या. पांढरं होतं, नुसतं पांढरं. त्या पुष्कळ वेळ तिकडेच बघत राहिल्या.

"आधी नाही का सांगायचं?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"वळून बघायचं होतंस."

"तुम्हीच म्हणालात, हलू नका."

एवढं बोलून त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. काकांनाही आवरेना. विमावाल्यांना काय झालं ते कळलं नाही, पण कठड्याजवळ उभं राहून असं हसणं धोक्याचं असतं, एवढं त्यांनी सांगितलं. मग तिघांनी मिळून पडदा गुंडाळला. उतरताना काकांनी तो पुढून धरला होता आणि मागे धरलेल्या विमावाल्यांना दर दगडाला सांगत होते, की जरा सांभाळून, रंग निघेल.

पुढच्या रविवारी काका माफी मागायला गेले. सासरे मेव्हण्याकडे राहतात. काकांनी आठवडाभर मनाशी शब्द जुळवले होते, आणि बरोबर तो शेवटचा फोटो मोठा करून घेतला होता. फोटो निघाला होता. धंद्याच्या सवयीने काकांनी फोकस चौकीवाल्याच्या मिशांवर धरलेला, त्यामुळे मिशीचा केस न् केस दिसत होता, पडदाही छान आला होता, आणि त्या सगळ्याच्या मागे, वर, खरा धबधबा धुरकट का होईना, पण डावीकडे वळलेला स्पष्ट दिसत होता. काकू दाराशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. काकांनी फोटो सासऱ्यांच्या हातात दिला, घसा साफ केला आणि म्हणाले, "बाबा, मी तुमच्याबद्दल चारचौघांत एक वेडंवाकडं बोललो होतो."

सासऱ्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडात नेला, भिंग लावलं, आणि आधी पुढचा धबधबा बघितला, मग मागचा, मग पुन्हा पुढचा. पाट्या रंगवणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या हातची पाटी बघावी, तसं नाक वर करून त्यांनी बराच वेळ न्याहाळलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "वळण बरोबर घेतलंय. पण मागच्याला रंग जरा कमी पडला."

काकांनी एकदा काकूंकडे बघितलं, एकदा फोटोकडे बघितलं.

"हो बाबा," ते म्हणाले, "पुढचाच चांगला आहे."